परसबाग आणि शेजारची मांजरे

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असावा, देणगीदारांची नामावली असावी, दिवंगत कार्यकर्त्यांची छायाचित्रे असावीत. तेथे मांजराच्या विष्ठेचा विषय कोणी काढावा हे काही वाचकांस रुचणार नाही. परंतु आपल्या सभासद-कुटुंबांपैकी ज्यांच्या घरामागे चार हात जमीन आहे, किंवा गच्चीवर दहा-वीस कुंड्या आहेत, त्यांना तो क्षुल्लक वाटणार नाही. इंदुरातील जुने वाडे एकामागून एक पडत गेले, त्या जागी सदनिका उभ्या राहिल्या, अंगणांना फरशी आली. आणि गल्लीत उघडी माती उरली ती कोणाच्या तरी परसबागेतील वाफ्यांपुरती. तो वाफा जसा घरच्यांना प्रिय, तसाच तो आळीतील सर्व मांजरांनाही. हौसेने कोथिंबीर पेरावी, तिसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यात खळगे पडलेले दिसावेत, खुरपे लावताच दुर्गंधी सुटावी. मग घरातून भिंतीपलीकडे ऐकू जातील असे दोन शब्द निघावेत आणि पलीकडूनही तितकेच परत यावेत. वर्षानुवर्षांचा शेजार एवढ्याशा कारणावरून अबोल्यावर येऊन ठेपतो. म्हणून या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम मांजराची बाजू समजून घेतली पाहिजे. मांजर आपल्या वाफ्यात येते ते घाणेरडे आहे म्हणून नव्हे, तर कमालीचे टापटिपीचे आहे म्हणून. आपल्या घरोघरच्या मांजरांचे पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया येथील कोरड्या मुलखातील रानमांजर. माणसाशी त्याचा सहवासही बराच जुना आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. या कोरड्या प्रदेशातील पूर्वजांकडून आलेली सवय अशी की, पंजाने सहज उकरता येईल अशी सुकी, भुसभुशीत जागा शोधावी, खळगा करावा, विधी उरकावा आणि वरून माती ओढावी. जागा निवडताना मांजर ती हुंगते, एक-दोनदा उकरून पाहते, वळायला पुरेसा वाव आहे की नाही ते अजमावते. एकदा जागा पसंत पडली म्हणजे तेथील वासावरून ते पुन्हा पुन्हा तेथेच येते, आणि त्या वासाने इतर मांजरेही येतात.

आता आपल्या माळव्याच्या जमिनीकडे पाहा. येथील काळी माती ओली असताना चिकट आणि वाळली की दगडासारखी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अशा जमिनीत पंजा चालत नाही. परंतु भाजी लावावयाची म्हणजे आपण त्या मातीत वाळू मिसळतो, कुजलेले शेणखत घालतो, ढेकळे फोडतो, माती हाताने चाळल्यासारखी मऊ करतो. मांजराच्या दृष्टीने पाहिले तर आळीतील सर्वोत्तम शौचकूप आपण स्वतः श्रम करून बांधून देतो! वाफा नुकताच तयार केलेला असतो तेव्हाच उपद्रव सर्वांत अधिक होतो आणि रोपे दाट वाढली की तो आपोआप कमी होतो, याचे कारण हेच. दसरा-दिवाळीच्या सुमारास मेथी, पालक, मुळा, गाजर पेरण्याची घाई असते तेव्हा बहुतेक घरांतून तक्रारी निघतात. पावसाळ्यात प्रकार थोडा निराळा असतो. तेव्हा उघडे वाफे भिजलेले असल्याने मांजर वळचणीखालच्या, जिन्याखालच्या किंवा गच्चीतील पत्र्याखालच्या कोरड्या कुंड्यांकडे वळते.

यातून एक गोष्ट उघड होते. मांजराला घालवण्यात शक्ती खर्च करण्यापेक्षा मातीचा पृष्ठभाग त्याला नकोसा करणे सोपे आहे. एक मांजर हाकलले तर त्याची मोकळी झालेली हद्द दुसरे घेते. वाफा मात्र तेथेच राहतो. पुढे सांगावयाचे सर्व उपाय याच एका विचारावर उभे आहेत.

उपायांकडे वळण्यापूर्वी, हा उपद्रव नुसता किळसेचा नाही हे सांगितले पाहिजे. गायीचे शेण आपण सारवतो, खत म्हणून वापरतो. तो न्याय मांजराला लागू नाही. आपल्याकडे हिंदीत मांजराच्या विष्ठेविषयी म्हणतातच की ती ना लिंपायच्या कामाची, ना पोतायच्या. मांजर मांसाहारी प्राणी. उंदीर-पाखरे खाऊन त्याच्या पोटात जे परोपजीवी जंतू व कृमी जातात त्यांपैकी काही माणसालाही बाधतात. त्यांतील टॉक्सोप्लाझ्मा हा सूक्ष्म जीव विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याचे वर्णन १९०८ साली झाले, परंतु त्याच्या जीवनक्रमात मांजराचे स्थान काय, हे १९७० च्या सुमारास स्पष्ट झाले. मांजराला पहिल्यांदा लागण होते तेव्हा एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून या जीवाची कोशरूपे लाखोंच्या संख्येने बाहेर पडतात. ताज्या विष्ठेत ती बाधक नसतात; एक ते पाच दिवसांत बाधक होतात आणि ओलसर, सावलीच्या मातीत वर्षभर किंवा त्याहूनही अधिक टिकू शकतात. धडधाकट माणसाला ही लागण झाली तरी बहुधा कळतदेखील नाही. परंतु स्त्रीला गर्भारपणातच प्रथम लागण झाली तर गर्भास अपाय होण्याचा संभव असतो. ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने वा औषधांनी क्षीण झाली आहे त्यांनाही धोका असतो. अर्थात घरात गर्भवती आहे म्हणून पाळलेले मांजर सोडून देण्याचे कारण नाही. तिने मातीकाम व मांजराची पेटी साफ करणे इतरांवर सोपवावे, हातमोज्यांवाचून बागेत हात घालू नये, आणि शंका असल्यास आपल्या डॉक्टरांस विचारावे, इतके पुरे. कच्चे-अर्धे शिजलेले मांस आणि न धुतलेली भाजी याही त्या जीवाच्या वाटा आहेत. तेव्हा सगळा दोष मांजराच्या माथी मारणे बरोबर नव्हे.

दुसरा धोका मुलांना. मांजराच्या पोटातील गोलकृमींची अंडी मातीत पडल्यावर काही आठवड्यांनी बाधक होतात आणि दीर्घकाळ टिकतात. मातीत खेळून हात न धुता खाणाऱ्या मुलाच्या पोटात ती गेली तर त्यातून निघालेल्या अळ्या शरीरात भटकतात. क्वचित डोळ्यापर्यंत पोहोचतात. काही अंकुशकृमींच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीत शिरून लाल, खाजऱ्या नागमोडी रेषा उमटवतात. बागेपेक्षाही येथे एका निराळ्या जागेकडे लक्ष वेधावेसे वाटते. ती म्हणजे बांधकामासाठी दारात आणून टाकलेला वाळूचा ढीग! सुकी, मऊ, उंच. मांजराला यापरते सुख नाही, आणि आळीतील पोरांनाही नाही. सकाळी मांजर व संध्याकाळी मुले असा त्या ढिगाचा उपयोग आपण सर्वांनी पाहिला आहे. ज्याचे बांधकाम चालू असेल त्याने ढिगावर ताडपत्री अंथरून चारी बाजूंनी विटा ठेवाव्यात. वाळूही वाहून जात नाही, हा लाभ वेगळा.

आता कोणते उपाय करू नयेत तेही सांगतो, कारण चुकीच्या उपायांचा सल्ला देणारे आळीत पुष्कळ असतात. फिनाइल ओतणे हा त्यांतला पहिला. फिनॉल जातीची द्रव्ये निर्विष करण्याची जी शक्ती इतर प्राण्यांच्या यकृतात असते ती मांजरात फारच तोकडी आहे. त्यामुळे पंजाला लागलेले फिनाइल चाटून मांजर आजारी पडते, प्रसंगी मरते. शिवाय ज्या मातीतून आपण पालक खाणार तिच्यात ते ओतावयाचे हा विचार तरी शहाणपणाचा आहे काय? डांबराच्या गोळ्या टाकणेही तसेच. त्या मांजरांना विषारी आहेत आणि लहान मुलांना गोड गोळ्यांसारख्या दिसतात. तिखटाची पूड पसरली की मांजर पंजाने तोंड पुसताना ती डोळ्यांत घालून घेते. हा निव्वळ छळ झाला आणि पहिल्याच पाण्याने तो उपाय वाहूनही जातो. निळीच्या पाण्याच्या बाटल्या दारात टांगण्याची पद्धत कुत्र्यांसाठी पडली, ती काहींनी मांजरांसाठीही उचलली. तिने कोणास अपाय होत नाही, मांजरासही नाही.

विष घालण्याविषयी तर बोलावयासच नको. मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, असे आपल्या आज्या सांगत. सोन्याचा आजचा भाव पाहता तेवढी भीती पुरेशी आहे. पण ती नसली तरी कायदा आहेच. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालापासून आहे, आणि भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३२५ मध्ये प्राण्यास विष घालणे, मारणे वा जायबंदी करणे यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पोत्यात घालून मांजर गावाबाहेर सोडून येण्याची जुनी रीत वरवर सौम्य वाटते. परंतु ते मांजर तेथे उपाशी हाल काढते, नाहीतर परत येते, आणि इकडे त्याच्या जागी दुसरे आलेले असते.

वासांचे उपाय निरुपद्रवी असले तरी अल्पजीवी आहेत. संत्र्या-मोसंब्यांच्या, लिंबांच्या साली मांजराला आवडत नाहीत हे खरे; पण त्या दोन दिवसांत वाळतात, मग त्यांचा दरारा संपतो. रोज नव्या साली टाकण्याइतका रस घरात निघत असेल तर अवश्य टाकाव्यात. सताप लावावा म्हणजे मांजर येत नाही असे सांगतात. सतापाचे झाड बागेत एरवीही असावे, परंतु मांजर त्याच्या बुंध्याशी निवांत बसलेले दिसले तर नवल मानू नये. शिवाय त्याचा रस अंगाला लागून वर ऊन पडले तर कातडीवर फोड येतात, म्हणून मुलांना त्यापासून दूर ठेवावे. माणसाला ऐकू न येणारा तीक्ष्ण आवाज करणारी विजेची यंत्रे मिळतात. त्यांच्यावर परीक्षणे झाली आहेत. मांजरांचे येणे काही प्रमाणात कमी होते, थांबत नाही. मांजर समोर येताच पाण्याचा फवारा उडवणारे यंत्र त्याहून प्रभावी आहे, मात्र ज्या गल्लीत नळाला दिवसाआड पाणी येते तेथे ते कोणास परवडणार?

तेव्हा खरा भर मातीवर. प्रथम जुनी घाण काढावी. हातमोजे घालून, खुरप्याने विष्ठा आजूबाजूच्या ओंजळभर मातीसह उचलावी आणि तेथे भरपूर पाणी ओतावे. वास राहिला तर पुढचे सर्व उपाय निम्मे वाया जातात. फरशीवर मूत्राचा वास असेल तर ती साबणाच्या पाण्याने धुवावी. अमोनिया असलेले द्रव्य वापरू नये, कारण मूत्रातही तोच वास असतो आणि मांजराला ते आमंत्रणच वाटते. काढलेली घाण कागदात गुंडाळून, पिशवीत बंद करून, ओल्या कचऱ्यात न मिसळता वेगळी द्यावी. किंवा भाजीपासून व विहिरीपासून दूर हात-दीड हात खोल पुरावी.

ती घरच्या खताच्या खड्ड्यात मात्र टाकू नये. याविषयी इंदूरकरांना वेगळे सांगण्याची गरज नसावी, कारण खत करण्याच्या पद्धतीला आपल्याच गावाचे नाव जगभर आहे. आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ साली येथे सुरू केलेल्या वनस्पती-संशोधन संस्थेत ही ‘इंदूर पद्धत’ सिद्ध झाली, आणि १९३१ साली तिच्यावर निघालेल्या इंग्रजी ग्रंथावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत वाड यांचे नाव आहे, ही आपणा मराठी मंडळींना अभिमानाची गोष्ट. त्या पद्धतीत शेण, काडीकचरा, माती, राख यांचे थर ओलावा व हवा राखून रचतात, ढीग वेळोवेळी उलथतात. नीट रचलेला ढीग आतून इतका तापतो की हात घालवत नाही. त्या उष्णतेने पुष्कळ जंतू मरतात. परंतु घरच्या दोन हात खड्ड्याला ती उष्णता क्वचितच येते, आणि आली तरी कडेचा भाग थंडच राहतो. म्हणून शंकेला जागा न ठेवणे बरे.

जागा स्वच्छ झाली की ती झाकावयाची. बी पेरल्याबरोबर वाफ्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी सपाट अंथरावी, तिच्या कडा खाली वाकवून दगडांनी वा तारेच्या आकड्यांनी दाबाव्यात. सुमारे एक इंच भोकांची जाळी असली म्हणजे कोंब सुखाने वर येतात आणि पंजाला उकरावयास माती सापडत नाही. मांजर येते, पाय ठेवते, तार लागताच पाय झटकून निघून जाते. मेथी-कोथिंबिरीसारखी भाजी जाळीतूनच वाढू द्यावी व वरून कापावी. मुळ्या-गाजरांसाठी रोपे हातभर झाल्यावर जाळी काढावी, नाहीतर उपटताना पंचाईत होते. जाळीचा खर्च नको असेल तर तुराट्या, डाळिंबाच्या वा बोगनवेलीच्या छाटलेल्या फांद्या यांचे वीतभर तुकडे चार-सहा इंचांवर मातीत रोवावेत. मांजराला बसावयास व वळावयास साधारण फूटभर मोकळी जागा लागते. ती मिळाली नाही की ते नाद सोडते. जुन्या लोकांनी वाफ्यांवर बोरी-बाभळीच्या काट्या टाकण्याची जी चाल ठेवली होती तिच्यातही हेच तत्त्व; फक्त काटे मुलांच्या व आपल्याही पायात जातात, म्हणून बिनकाट्यांचे तुकडे बरे.

मोठ्या झाडांच्या आळ्यांत व कुंड्यांत जाळीचे काम नाही. तेथे फुटक्या कौलांचे तुकडे, गोटे, नारळाच्या सोडणाचे मोठे तुकडे यांचा थर पसरावा. नारळाची सोडणे घरच्या सणावारांतून आणि देवळातून हवी तितकी मिळतात. ती ओलही धरतात. बारीक कीस मात्र टाकू नये, मांजराला तो मातीहून मऊ लागतो. लाकडाच्या भुशाचेही तसेच. मोकळ्या राहिलेल्या जागी पुदिना, पानओवा, रताळ्याचे वेल असे काही जमीन झाकणारे लावावे.

पाण्याची वेळ हाही एक उपाय आहे आणि त्याला पैसा पडत नाही. मांजराची वर्दळ पहाटे व दिवेलागणीला अधिक. ज्या वाफ्यांवर जाळी नाही त्यांना सकाळऐवजी संध्याकाळी पाणी द्यावे, म्हणजे रात्रभर पृष्ठभाग ओला राहतो आणि मांजराला ओली काळी माती पंजाला चिकटलेली खपत नाही. उन्हाळ्यात ज्या वाफ्यांत काही नसेल ते वैशाखातील कडक उन्हात खणून तापू द्यावेत. कोरडेपणा आणि ताप यांपुढे कृमींची अंडी व ते कोश ओलसर सावलीइतके टिकाव धरीत नाहीत. वाफे तापत असताना मात्र त्यांवर काट्याकुट्या टाकून ठेवाव्यात, कारण खणलेली सुकी माती मांजराला कशी वाटते ते वर आलेच आहे.

एवढे केल्यावर मांजर जाणार कोठे, हा प्रश्न उरतो. उत्तर दिले नाही तर ते शेजाऱ्याच्या वाफ्यात जाईल आणि भांडणाची फक्त भिंत बदलेल. म्हणून ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी भाजीपासून दूर, आडोशाच्या कोपऱ्यात तीन फूट लांब-रुंद व फूटभर खोल खड्डा करून तो सुक्या वाळूने भरावा. पहिल्या दिवशी वाफ्यातून काढलेली थोडी विष्ठा तेथे पुरावी, म्हणजे मांजराला पत्ता कळतो. पावसापासून वर पत्रा असावा, मुलांना तेथे मज्जाव असावा, आणि रोज खुरप्याने तो कोपरा साफ व्हावा. रोज म्हणण्यास कारण आहे. टॉक्सोप्लाझ्माचे कोश बाधक होण्यास निदान एक दिवस लागतो. त्याआधी ते उचलले की काम झाले. शिवाय घाण साचलेली जागा मांजर सोडून देते व पुन्हा वाफ्याकडे वळते.

ज्यांची मांजरे पाळीव आहेत त्यांच्यावर याहून अधिक जबाबदारी येते. “मांजर काय, कोठेही जाते” असे म्हणून हात झटकता येत नाहीत. घरात वाळूची पेटी ठेवावी. जितकी मांजरे त्याहून एक पेटी अधिक, असा पशुवैद्यांचा हिशोब आहे. बोक्याची व भाटीची शस्त्रक्रिया वेळेवर करून घ्यावी. भाटी पाच-सहा महिन्यांतच वयात येते, नऊ आठवड्यांत विते, आणि वर्षातून दोन-तीन वेळा विऊ शकते. आळीतील संख्या अशीच वाढते. शस्त्रक्रिया झालेला बोका दारांवर, कुंड्यांवर मुताचे फवारे मारणे बहुधा सोडतो, त्याचा उग्र वासही कमी होतो. विष्ठा उघडी टाकून हद्द सांगण्याची खोडही बहुतेक अशाच न खच्ची केलेल्या बोक्यांची. बेवारस मांजरांना दूधभात घालणारे दयाळू हात प्रत्येक आळीत असतात. त्यांना अडवू नये. परंतु चार घरांनी वर्गणी काढून त्या मांजरांची शस्त्रक्रिया करवून घेतली तर त्यांची दया व शेजाऱ्याचा वाफा दोन्ही वाचतात. आळीतील मांजरे अजिबात नकोत, असे ज्यांना वाटते त्यांनी कोठीतील धान्याकडे व घुशींनी पोखरलेल्या पायाकडे एकदा पाहून घ्यावे.

शेजाऱ्याशी बोलावयाचे ते घाण हाती लागली त्या सकाळी नव्हे. संध्याकाळी, भाजीची जुडी घेऊन जावे आणि “तुमच्या मनीसाठी आमच्या कोपऱ्यात वाळू टाकली आहे, साफ तुमच्याकडून कोणी करील का?” असे विचारावे. बहुतेक ठिकाणी होकार मिळतो.

ज्यांना या वर्षी हिवाळी भाजी लावावयाची आहे त्यांनी जाळी पेरणीपूर्वीच आणून, वाफ्याच्या मापाने कापून ठेवावी. पेरणीनंतर बाजारात जाऊ म्हटले तर मधली एक रात्र मांजराला पुरते. पाने वाढून माती दिसेनाशी झाली की जाळी झटकून, धुऊन, उन्हात वाळवून गुंडाळून ठेवावी. दोन-तीन हंगाम ती सहज चालते.